जनरलची बदली

मामंजी, तुमचा जनरल गेला.

घाबरू नका. जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि या क्षणी मोठ गावात हरचरन भैयांच्या अंगणात दाढी उडवत नव्या शेळ्यांपुढे मिरवत असेल. त्याच्या बदल्यात कोण आलंय ते ऐका. तोच, मोठचा बोकड! पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, कान ताठ उभे, ज्याच्या आईची धार तुम्ही स्वतः बसून काढली होतीत तो. मी ओट्यावर बसून हे लिहितेय आणि तो माझ्यासमोर तुमच्या बाजेच्या पायाला शिंगं घासतोय. मघाशी त्यानं जास्वंदीची सगळी खालची पानं खाल्ली. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या, ओरडल्या नाहीत, म्हणजे पाहुण्याचं काय कौतुक चाललंय ते तुमच्या लक्षात येईल.

तुम्हाला जाऊन पुरता महिनाही झाला नाही. यंदा घरात दिवाळी नाही. शेजाऱ्यांनी पाठवलेला फराळ डब्यात तसाच आहे. दिवसातून दहा-दहा वेळा मला रडू येतं, चहा गाळतानाही येतं, कारण तुमचा कप मी अजून मांडते. आणि तरी आज सकाळपासून मला जे झालंय त्याला आनंद याखेरीज दुसरा शब्द नाही. लोकांना म्हणायचं ते म्हणू दे. तुम्ही असतात तर तुम्हीही गेटपासून गोठ्यापर्यंत येरझाऱ्या घालून सगळ्यांचं डोकं उठवलं असतंत. ही बातमी मी तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? तुमच्या चिरंजीवांना सांगितली तर ते म्हणाले, "अच्छा, याला वास कमी आहे का?"

तुमच्या घरात आले तेव्हा मलाही वासच तेवढा कळायचा. मी झाशीच्या जुन्या मराठी घरातली, वडील पंचांग बघणारे, लग्नं-मुंजी लावणारे. आमच्याकडे दूध म्हणजे गवळ्याची बरणी. तुम्ही साताऱ्याकडचे, फौजेतले, झाशीजवळच्या बबीन्याला शेवटची पोस्टिंग झाली आणि इथंच कानपूर रस्त्याला जमीन घेऊन राहिलात. गावी का गेला नाहीत असं कुणी विचारलं की म्हणायचात, "सगळा जलम बिस्तरा बांधण्यात गेला. आता शेळ्याच हलतील, म्या न्हाय हलायचा." माझं मराठी ऐकून तुम्हाला हसू यायचं. "मामंजी, दरवज्जा लगा लूँ का" असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही सासूबाईंना हाक मारून ते पुन्हा म्हणायला लावलं होतंत. मी चिडले होते. पण "मामंजी" हा शब्द तेवढा मी आमच्या आजीसारखा म्हणते म्हणून त्यावर खूश होतात, हेही मला दिसलं होतं.

आणि एक दिवस तुम्ही मला गोठ्यात बोलावून तुमचं सगळं युद्धशास्त्र एका दमात सांगून टाकलंत. "सूनबाई, बोकड म्हंजी शिपाई गडी. दोन वर्सं झाली की पोस्टिंग. न्हाईतर त्याच्या लेकी माजावर येत्यात आन् त्यो आपल्याच लेकींचा नवरा हुतो. मग करडं निपजत्यात ती मरतुकडी, आन् कासंत दूध ऱ्हात न्हाई." मी म्हणाले, "म्हणजे सगोत्र विवाह." तुम्ही हातातलं टोपलं खाली ठेवलंत. म्हणालात, "व्हय. आगदी त्येच. आन् तुज्या घरात गोत्रं पाठ असत्यात न्हवं?" झालं! त्या दिवसापासून आपल्या शेळ्यांची गोत्रं माझ्याकडे आली. चांदणी शेळी कुणाची लेक, तिच्या पाठी, म्हणजे तरण्या लेकी, कुणापासूनच्या, कुठली तरणी पाठ कुठल्या बोकडाला चालेल आणि कुठल्याला नाही, हे सगळं मला तोंडपाठ. माहेरी मुलगी म्हणून जी विद्या मिळाली नाही ती सासरी गोठ्यात मिळाली.

बोकडांची नावंही तुमची फौजी. नाईक, हवालदार, जनरल. पैशाचा व्यवहार नाही, बोकडाला बोकड, असा चिरगाँव, मोठ आणि गरौठ्याच्या लोकांशी तुमचा करार होता. तुमचा कळप एका शेळीवरून वाढलेला, त्यांचेही तसेच. कुणाकडेच नवं रक्त विकत आणण्याइतकी ऐपत नव्हती, पण अदलाबदल करण्याइतकी दोस्ती होती. आणि त्या करारात इथल्या लोकांची एक रीत होती. बोकड नव्या घरी गेला की त्याचं नाव नवं. जुनं नाव सांगायचं नाही, विचारायचंही नाही. हरचरन भैयांनी मला ते समजावलं होतं, "पुरानो नाम लैहो तो पुरानो घर याद करहै, बहूजी. फिर नईं रमहै." तुम्हाला ती रीत फार पसंत होती. पोस्टिंगवर गेलेल्या माणसानं मागचं युनिट विसरायचं असतं म्हणे.

त्या रीतीपायी आपली काय फजिती झाली ते आठवलं की मला अजून पोटात दुखेपर्यंत हसू येतं. आठवतो ना गरौठ्याचा 'बादशाह'? केवढा थाट त्याचा! शिंगं ही एवढी, दाढी छातीपर्यंत. त्याच्यासाठी तुम्ही आपला सगळ्यात देखणा तरणा बोकड दिलात. लोडर, म्हणजे इथला छोटा टेम्पो, दारात उभा राहिला. सासूबाईंनी ओवाळलं, मी झेंडूची माळ घातली. बादशाह माळ खात खात खाली उतरला, कुणाकडे न बघता गोठ्याच्या मागं गेला, आणि पेंडीच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण डाव्या शिंगानं उचलून आत तोंड घातलं.

डाव्या शिंगानं. जगात एकच बोकड ते करायचा. आपला हवालदार, जो तुम्ही चिरगाँवला दिला होतात. चिरगाँवकरांनी त्याला मोठला दिलं, मोठनं गरौठ्याला, प्रत्येक ठिकाणी नवं नाव, आणि गरौठ्यानं तो आपल्याला मोठ्या मनानं परत दिला. त्याच्या सख्ख्या लेकी गोठ्यातून त्याच्याकडे टकामका बघत होत्या. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, त्याच्या लेकींकडे पाहिलंत. मग टोपी काढून डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "हवालदार रजेवर आलाय." सासूबाई हसता हसता पायरीवर बसल्या. मी तर गेटला धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सुचवलं. नाव बदला, पण घराणं सांगा. आमचे वडील लग्न लावताना दोन्हीकडच्या तीन पिढ्या मोठ्यानं म्हणायचे: अमक्याचा पणतू, अमक्याचा नातू, अमक्याचा मुलगा. तसंच बोकड दारातून निघताना म्हणायचं, सगळ्यांनी ऐकायचं, आणि शेवटी ज्याच्या घरचा बोकड त्यानं स्वतःचं नाव घ्यायचं. मला वाटलं तुम्ही उडवून लावाल. तुम्ही लोडरवाल्याला फोन करून तिन्ही गावांना निरोप धाडलात. पुढच्या वेळी मी पिढ्या म्हटल्या आणि शेवटी तुम्ही टाचा जुळवून, छाती काढून, रँकसकट तुमचं नाव ठोकलंत. हरचरन भैया म्हणाले, "जे तो ब्याह से भी बढ़िया रओ." तेव्हापासून बिनगोत्राचा बोकड या रस्त्यावर कुणी घेत नाही. तुम्ही मला त्यावरून 'भटजी' म्हणायला लागलात. चारचौघांतही म्हणायचात, आणि मी चिडल्यासारखं करायचे.

म्हणूनच मला तुमचा राग आला होता, मामंजी. नियम तुमचा, आणि मोडलात तुम्ही. जनरल चिरगाँवहून आला तेव्हा एवढासा होता, आई मेलेली. तुम्ही त्याला बाटलीनं वाढवलंत. तो तुमच्या बाजेखाली झोपायचा. त्याची दोन वर्षं झाली, सरली, त्याच्या लेकी तरण्या झाल्या, तरी त्याच्या पोस्टिंगचं नाव काढलं की तुम्हाला ऐकूच यायचं नाही. मागच्या मोसमात चांदणीची थोरली पाठ, त्याचीच लेक, कुंपण ओलांडून त्याच्याकडे गेली आणि तिला जुळं झालं. त्यातलं एक उभंच राहू शकलं नाही. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बोटानं चीक चाटवत बसला होतात. संध्याकाळी कडुलिंबाखाली खड्डा केलात, माती लोटलीत, हात धुतलेत, आणि जेवायला बसलात. मी विचारलं, "आता तरी?" तुम्ही म्हणालात, "आमटीत मीठ कमी हाय."

पण मोठचा दिवस, तो दिवस मात्र मी कुणाला देणार नाही. हरचरन भैयांनी यमुनेपलीकडून, इटाव्याकडून एक गाभण शेळी आणली होती, आणि तिला झालेला बोकड आता वयात आला होता. आपल्या चारही कळपांत नसलेलं रक्त! आपण दोघं बसनं गेलो. तिथं पोचल्यावर तुम्ही नेहमीप्रमाणे बोकडाकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. "बोकड काय बगायचा? त्याच्या आईची कास बगायची. लेकींच्या अंगात आजीचं दूध उतरतं." सरळ शेळीपाशी गेलात, उकिडवे बसलात, धोतराचा सोगा वर खोचलात, आणि धार काढायला लागलात. बादलीत तो आवाज सुरू झाला. थांबेचना. शेळीनं पाय हलवला नाही. फेस वर आला तेव्हा तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत, आणि मामंजी, तुमचं तोंड तेव्हा जसं दिसलं तसं मी कधी बघितलं नव्हतं. फौजेतल्या फोटोत नाही, नातू झाला तेव्हाही नाही. "सूनबाई," तुम्ही म्हणालात, "ह्यो आपल्याकडं आला तर पाच वर्सांनी आपल्या गोठ्यात काय आसंल, काय सांगू तुला!" आणि आपण दोघांनी तिथंच बसून कुठली पाठ त्याला द्यायची, तिच्या लेकींना मग कुणाकडचा बोकड आणायचा, तो गरौठ्याचा की चिरगाँवचा, असं पार पुढच्या तीन पिढ्यांपर्यंत ठरवून टाकलं. चहा निवून गेला. हरचरन भैया आपल्याकडे बघून हसत होते.

मग ते म्हणाले, "कक्का, ले जाओ. बदले में हमें जनरल दै दो."

तुम्ही उठलात, सोगा सोडलात, टोपी घातलीत, आणि चालू लागलात. नवा चहा आला होता तोही घेतला नाहीत. बसमध्ये मी चिरगाँवपर्यंत बोलत होते आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. जनरलऐवजी दुसरा बोकड देऊ, म्हणालात. त्यांना दुसरा नको, म्हटलं मी, दुसऱ्यांत हवालदाराचं रक्त आहे आणि तेच त्यांच्याकडे आहे; जनरलच एक असा आहे जो त्यांना नवा. हे गणित तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्ही म्हणालात, "भटजी, गप बस." त्या वेळी तुम्ही ते चेष्टेनं म्हणाला नव्हतात.

पुढचे कितीतरी दिवस हेच. थंडी जवळ येत होती, तरण्या पाठी माजावर येणार होत्या, हरचरन भैयांकडे दुसरी माणसं त्या बोकडासाठी चकरा मारायला लागली होती. मी जेवताना विषय काढायचे, तुम्ही पाणी मागायचात. त्या शेवटच्या संध्याकाळी मी अंगणात उभी राहून म्हणाले की मग सगळ्या शेळ्या विकून टाका आणि एकटा जनरल पाळा. तुम्ही बाजेवरून उठलात आणि म्हणालात, "म्या जिता हाय तंवर ह्यो ह्या दारातनं जायचा न्हाई. समजलीस?" सासूबाई आतून म्हणाल्या, "आवं, पोरीवर कशाला वरडताय." तुम्ही जेवलात, बातम्या पाहिल्यात, झोपलात. सकाळी उजाडताना तुम्ही गोठ्यात भिंतीला टेकून बसलेले सापडलात. जनरल तुमच्या मांडीला लागून बसला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कळलंही नसेल.

शब्द पाळलात हं मामंजी. तुम्ही जिवंत होतात तोवर तो गेला नाही.

त्यानंतर सासूबाईंनी त्याची जबाबदारीच घेतली. तेराव्याच्या गर्दीतही आधी त्याला भाकरी, मग पाहुण्यांना जेवण. तो रात्रंदिवस बाजेखाली ओरडायचा आणि त्या त्याला तुमच्याशी बोलायच्या तशा बोलायच्या, "आता गप ऱ्हावा की." हरचरन भैया समाचाराला आले, डोळे पुसत म्हणाले, "कक्का बिना तो जे सड़क सूनी हो गई." जाताना गेटपाशी थांबून मला हळूच म्हणाले, बोकड मी अजून कुणाला दिला नाही, पण आता फार दिवस थांबवता येणार नाही. मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्ये काय म्हनलं हुतं ते ऐकलंस न्हवं? शेवटचा सबुद हाय त्यांचा. ह्यो जायचा न्हाई."

 शेवटचा शब्द म्हटल्यावर माझी सगळी गोत्रं लंगडी पडली. पाठी आता कुठल्याही दिवशी माजावर येतील, कुंपण तेवढंच उंच, आणि पुन्हा एक करडू कडुलिंबाखाली, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. तुमचा गोठा तुमच्याच आठवणीपायी बसणार. मी गोठ्यात जाऊन तुमच्याशी मोठ्यानं भांडले. शेळ्या ऐकत होत्या.

परवा चारा बदलताना गव्हाणीच्या तळाशी माझ्या हाताला सुरी लागली. खूर तासायची, वाकड्या पात्याची, ज्या सुरीला तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. ती तिथं कशी? मी जनरलचा पुढचा पाय उचलला. तासलेला. दुसरा, तोही. मागचा डावा, तोही सफाईनं तासलेला, कडा गोल केलेल्या. मागचा उजवा उचलला तर खूर वाढून वाकलेला, तसाच.

मामंजी, तुम्ही चारही खूर एकदम कधी तासायचात हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी लंगडला तर एक, दुखला तर दुसरा. चारी खूर म्हणजे पोस्टिंग. नाईक गेला त्या सकाळी, हवालदार गेला त्या सकाळी, उजाडायच्या आधी तुम्ही कंदिलाएवढा तो बल्ब लावून बसायचात. "दुसऱ्याच्या दारात जानार, बूट पालिश पायजेत," म्हणायचात.

मी ओरडतच घरात गेले. सासूबाईंना वाटलं साप निघाला. मी त्यांना हात धरून गोठ्यात आणलं, एकेक पाय उचलून दाखवला. त्या खाली बसल्या. तासलेल्या खुरावरून त्यांनी अंगठा फिरवला, एकावरून, मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. चौथ्याशी थांबल्या. "आगं," त्या म्हणाल्या, "मग मानसानं सांगू नये व्हय?" आणि रडायला लागल्या. तुम्ही गेलात त्या दिवसापासून पहिल्यांदा अशा मोकळ्या रडल्या. मीही रडले. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, जनरलचा मागचा उजवा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घट्ट धरला, आणि मला म्हणाल्या, "बगत काय बसलीस? तास."

मी तासला. तुमच्याइतका गोल नाही झाला. एका बाजूला कड राहिली. पण लंगडणार नाही, मी चालवून पाहिलं.

तुम्ही हो म्हणालात असं मी धरून चालले आहे. कदाचित नसालही म्हणाला. कदाचित तुमचा नुसता डोळा लागत नसेल आणि हातांना काम हवं असेल. तसं असेल तर या आणि भांडा, मी इथंच आहे. पण मला वाटतं तुम्ही मला सकाळी चहाच्या वेळी सांगणार होतात, मान वळवून, काहीच झालं नाही अशा आवाजात, "भटजी, लोडर बोलव." ते ऐकायला मिळालं नाही, एवढंच माझं दुखणं आहे. आणि मलाही तुम्हाला एक सांगायचं होतं, ते राहिलं. माझ्या वडिलांनी मला कधी वादात घेतलं नाही. मुलीशी काय वाद घालायचा, म्हणायचे. तुम्ही माझ्याशी बरोबरीच्या माणसासारखे भांडलात, माझ्यावर रुसलात, माझं म्हणणं पटलं म्हणून पहाटे उठून बसलात. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

आज सकाळी लोडर आला. नवा बोकड आत उभा, कान ताठ, सगळीकडे बघत. मोठ्ठ्यानं ओरडला तशा आपल्या तरण्या पाठी कुंपणाशी धावल्या. लाज म्हणून नाही कुणाला. हरचरन भैया पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी आधी आपल्या बोकडाच्या पिढ्या म्हटल्या, इटाव्यापासून, आणि शेवटी स्वतःचं नाव घेतलं. मग माझी पाळी. मी जनरलला दोरीनं धरून गेटात उभी राहिले, आवाज खणखणीत लावला, पणजोबापासून सुरुवात केली, चिरगाँवचा आजोबा, चिरगाँवचा बाप, आईचं नाव, आईच्या कासेचं वर्णन, सगळं. आणि शेवटाला येऊन अडकले.

'घर किसका?' तिथं तुम्ही असायचात. ते नाव मी सून म्हणून कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा मी पुढे कागद सरकवते.  तुमचे चिरंजीव ऑफिसला गेलेले. हरचरन भैयांना रीत माहीत, ते खाली मान घालून थांबले. लोडरवाल्यानं इंजिन बंद केलं. जनरल माझ्या ओढणीचं टोक खात होता.

मागून सासूबाई आल्या. त्यांनी माझ्या हातातली दोरी घेतली. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, नंतर या बाईनं तुमचं नाव घेतलेलं कुणी ऐकलेलं नाही. तुम्हाला हाक मारायची तर "आवं, ऐकलं का" म्हणायच्या आणि तुम्ही शिवारापलीकडून ओ द्यायचात. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला. टाचा जुळवल्या, मामंजी. खरंच जुळवल्या, चपलेसकट.

"सुबेदार," त्या म्हणाल्या.  घसा खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, अशी की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानं मान वळवली. "सुबेदार हणमंत बापूराव! त्येंच्या घरचा हाय ह्यो!"

मी गोठ्याकडे वळून पाहिलं. शपथेवर सांगते, तुम्ही तिथून "ओ" द्याल असं मला वाटलं.

दिली ती नव्या बोकडानं. लोडरमधून असा काही ओरडला की सगळेच दचकले. सासूबाईंनी डोळे पुसले, जनरलची दोरी हरचरन भैयांच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "जा, त्याला खाली घे. पानी दाव. लांबनं आलाय त्यो."